मोलची गणितं आणि गुळाचे रवे

एका आईंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं: मुलगा अकरावी सायन्सला. दहावीपर्यंत सेमी इंग्लिश, विज्ञानात गुण चांगले. आता रसायनशास्त्राच्या गृहपाठातली मोलची गणितं अडतात. सूत्रं सगळी पाठ, पण उत्तर जुळत नाही, मग वही मिटून बसतो. बाई स्वतः बी.कॉम., कोल्हापुरात मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानात हिशोब लिहितात. रसायन आपल्याला येत नाही, मग त्याला घरी अभ्यासाला बसवायचं कसं, हा त्यांचा प्रश्न. सोबत त्याचं एक चुकलेलं गणित पाठवलंय: १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आणि ३.६५ ग्रॅम हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र केलं तर किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळेल? पोराचं उत्तर ४.४, पुस्तकातलं २.२.

ताई, तुम्ही गुळाच्या पेढीवर हिशोब लिहिता हे वाचलं आणि मला बरं वाटलं. तुमच्या पोराचं जे अडतंय ते तुम्ही रोज दुपारपर्यंत शंभर वेळा करता. फक्त तुमच्याकडं त्याला पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब) म्हणतात आणि आमच्याकडं मोलचं गणित.

आधी ते उत्तर बघू. ४.४ आणि २.२. बरोबर दुप्पट. सव्वीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवल्यावर एक सवय लागते: चुकलेलं उत्तर बघितलं की आधी त्याला बरोबर उत्तरानं भागायचं. भागाकार बरोबर दोन आला, म्हणजे पोरगं ढ नाही, पद्धतही त्याची मुळात ठीक आहे, एका ठिकाणी एक आकडा त्यानं बघितला नाही एवढंच. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. तेरीज (जमा-नावेची एकूण बेरीज) जुळत नाही तेव्हा तुम्हीही आधी फरकच बघता ना? फरक नऊनं पूर्ण भागला गेला तर कुठंतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ६३ चे ३६ झालेले असतात. फरकाच्या निम्मी रक्कम खात्यात सापडली तर ती जमेची नावे पडलेली असते. खाती सगळी तपासायची गरज पडत नाही, फरकच बोट दाखवतो. रसायनातही तसंच आहे. ते पुढं सांगतो, आधी मोल.

शेतकरी गाडीत रवे (गुळाच्या ढेपा) घालून आणतो. समजा सहा क्विंटल गूळ आला. रवे किती? तुम्ही लगेच विचाराल, रवा कितीचा? तीस किलोचा असेल तर वीस रवे, दहा किलोचा असेल तर साठ. वजन तेच, संख्या वेगळी. आणि हमालाला पैसे रव्यावर द्यायचे असतील तर सहा क्विंटल या आकड्याचा काही उपयोग नाही, आधी रवे काढावे लागतात.

रासायनिक अभिक्रिया ही त्या हमालासारखी आहे, ती रवे मोजते. कॅल्शियम कार्बोनेटचे कण किती आणि आम्लाचे किती, एवढंच तिला कळतं. ग्रॅम हे आपल्या काट्याचं काम. कॅल्शियम कार्बोनेटचा ‘रवा’ १०० ग्रॅमचा (अणुवस्तुमानं: कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६ चे तीन म्हणजे ४८). हायड्रोक्लोरिक आम्लाचा ३६.५ चा (हायड्रोजन १, क्लोरीन ३५.५). म्हणून १० ग्रॅम आणि ३.६५ ग्रॅम हे आकडे कागदावर कितीही वेगळे दिसले तरी दोन्हीकडं रवे सारखेच आहेत: १० भागिले १०० म्हणजे ०.१, आणि ३.६५ भागिले ३६.५ म्हणजे तेही ०.१.

हा जो रवा म्हणतोय तोच मोल. एका मोलात कण किती, तर ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. पोरं या आकड्याला उगाच घाबरतात. ॲव्होगॅड्रोचं नाव त्याला लागलंय खरं, पण १८११ मध्ये त्यानं मांडली ती वायूंच्या कणांबद्दलची कल्पना. हा आकडा त्याला स्वतःला कधीच माहीत नव्हता. तो गेल्यावर अर्ध्या शतकानं, १९०९ मध्ये, पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं आकड्याला त्याचं नाव दिलं. आकडा माहीत नसताना ज्यानं एवढं काम केलं, त्याच्या आकड्याला अकरावीच्या पोरानं कशाला भ्यायचं? दहातल्या नऊ गणितांत तो लागतही नाही. डझनातल्या बारासारखाच तो मागं उभा असतो.

मोल हातात घेऊन बघता येतो, हे मात्र त्याला नक्की करायला लावा. स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर पाणी १८ ग्रॅम, मीठ ५८.५ ग्रॅम, साखर ३४२ ग्रॅम. तिन्ही वाट्या शेजारी शेजारी ठेवा. पाणी जेमतेम एक घोट, साखर मात्र मोठी वाटी भरून. आणि तिन्हींत ‘रवे’ तेवढेच, एक मोल. हुपरीची चांदी घेतली तर १०८ ग्रॅम, म्हणजे बाजारातल्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं पावणेअकरा तोळे. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की ‘ग्रॅमवरून थेट तुलना करायची नाही’ असं ओरडून सांगावं लागत नाही.

आता तुमच्या पोरानं इथपर्यंत बरोबर केलंय. वहीत ०.१ आणि ०.१ लिहिलेलं दिसतंय. मग त्यानं काय केलं? दोन्ही सारखे आले, त्याला बरं वाटलं, ‘दोन्ही संपले’ असं गृहीत धरलं आणि ०.१ मोल कार्बन डायऑक्साइड, गुणिले ४४ (त्याच्या एका मोलचे ग्रॅम), म्हणजे ४.४ लिहून मोकळा झाला. समीकरण त्यानं वर लिहिलंय, संतुलितही केलंय (म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू जुळवलेत), पण नंतर त्याच्याकडं वळून बघितलं नाही. समीकरण सांगतं की कॅल्शियम कार्बोनेटच्या एका कणाला आम्लाचे दोन लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक निघतो. म्हणजे ०.१ मोल कार्बोनेटला आम्ल ०.२ मोल हवं होतं. आहे ०.१. निम्म्या कार्बोनेटलाच पुरेल. आम्ल आधी संपलं, त्यालाच लिमिटिंग रिएजंट म्हणायचं. ०.०५ मोल कार्बोनेट वापरलं गेलं, ०.०५ मोल वायू निघाला, आणि ०.०५ गुणिले ४४ म्हणजे २.२ ग्रॅम. पाच ग्रॅम चुनखडी (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच) तळाला तशीच पडून आहे, पुस्तकानं ती विचारली नाही एवढंच.

पोरं संतुलित समीकरण लिहितात ते गुण मिळतात म्हणून. पूजेत सुपारी ठेवायची म्हणून ठेवतात तसं. खरं म्हणजे ते दरपत्रक आहे, प्रत्येक आकडा गणितात वापरायचाच आहे.

आता तुमचं काम. रसायनातलं काहीही माहीत नसताना हे उत्तर तुम्ही तपासू शकता. आत काय गेलं? १० आणि ३.६५, एकूण १३.६५ ग्रॅम. बाहेर काय आलं? पोराच्या म्हणण्याप्रमाणं सगळं ०.१ मोल: कॅल्शियम क्लोराइड ०.१ गुणिले १११ म्हणजे ११.१, पाणी १.८, वायू ४.४. बेरीज १७.३. ताई, १३.६५ ची आवक आणि १७.३ ची जावक असं खातं तुम्ही शेठजींपुढं ठेवाल का? आता दुसरं उत्तर घ्या: कॅल्शियम क्लोराइड ५.५५, पाणी ०.९, वायू २.२, उरलेली चुनखडी ५. बेरीज करा. १३.६५. पैशाचाही फरक नाही.

आमच्या लहानपणी गुणाकार झाला की ताळा करून बघायची पद्धत होती. ती शाळेतून कधी गेली कळलं नाही. रसायनाच्या गणितात ताळा फुकट मिळतो, कारण वस्तुमान कुठं जात नाही. आणि तरी वर्गातल्या साठातली दोन-तीन पोरं सोडली तर तो कुणी करत नाही. वेळ जातो म्हणतात. चुकलेलं गणित परत करायला किती वेळ जातो ते सांगत नाहीत.

लिमिटिंग रिएजंटची गोष्ट मी वर्गात सांगायचं सोडून दिलंय, करूनच दाखवतो. तुम्ही घरी करा. खाण्याचा सोडा ८.४ ग्रॅम, म्हणजे ०.१ मोल, एका मोठ्या पातेल्यात घ्या. बाटली नको आणि झाकण तर नकोच. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणा, लेबलवर अॅसेटिक आम्लाचं प्रमाण असतं, बहुतेक ४ टक्के. अॅसेटिक आम्लाचा मोल ६० ग्रॅमचा आणि सोड्याशी त्याचं प्रमाण एकास एक. म्हणजे ०.१ मोल सोड्याला ६ ग्रॅम आम्ल, म्हणजे १५० मिली व्हिनेगर लागणार. हे पोराला आधी काढायला लावा आणि कागद पालथा घालून ठेवा. मग ५० मिली ओता. फसफसेल आणि थांबेल. चमच्यानं ढवळा, थांबलंच. आता त्याला विचारा, काय संपलं? निम्मी पोरं म्हणतात ‘सोडा’, कारण फेस सोड्यातून येताना दिसतो. आणखी ५० मिली ओता, परत फसफसेल. आणखी ५०, परत. चौथ्या वेळी काही नाही, पातेलं गप्प. तेव्हा कागद उलटा करायचा. काट्यात किंवा व्हिनेगरमध्ये थोडं इकडं-तिकडं असेल तर शेवटचे फुगे थोडे पुढं-मागं येतील, पण तिसऱ्या आणि चौथ्या ओतण्यातला फरक लपत नाही. माझ्या अनुभवात हे एकदा केलेलं पोरगं लिमिटिंग रिएजंट परीक्षेत चुकत नाही.

(गुऱ्हाळावर तुम्ही कधी गेला असाल तर हीच गोष्ट काहिलीत बघितली असेल. उसाचा रस मुळात किंचित आंबट, त्यात गुळव्या चुना घालतो. कमी पडला तर आंबटपणा उरतो, तो तापलेल्या रसात साखर फोडतो आणि गूळ चिकट होतो, रवा नीट बसत नाही. जास्त झाला तर गूळ काळपट पडतो आणि सौद्यात भाव पडतो. गुळव्याला मोल माहीत नाही, पण कोणतं संपलं आणि कोणतं उरलं हे तो रंगावरून सांगतो.)

समीकरण संतुलित करणं. यात चूक एकच आणि ती पिढ्यानपिढ्या तीच आहे. आकडा जुळत नाही म्हणून पोरगं सूत्राच्या पायातला आकडा बदलतं. एक ऑक्सिजन कमी पडला की एचटूओचं एचटूओटू करून टाकतं. बेरीज जुळते, पण पाण्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड आलं, जखम धुवायला वापरतात ते. पायातला आकडा म्हणजे पदार्थाची ओळख, त्याला हात लावायचा नाही. फक्त पुढं उभा असलेला आकडा बदलायचा, म्हणजे किती नग घेतले तो.

आणि दुसरं, अर्ध्याला भ्यायचं नाही. गॅसच्या शेगडीचं उदाहरण घ्या. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. हिशोबापुरतं सगळं ब्युटेन धरू. ब्युटेनच्या एका रेणूत ४ कार्बन आणि १० हायड्रोजन. जाळल्यावर कार्बनचा सीओटू होणार आणि हायड्रोजनचं पाणी. कार्बन आधी: ४ सीओटू. मग हायड्रोजन: १० आहेत, पाण्यात दोन-दोन जातात, म्हणून ५ पाणी. ऑक्सिजन कायम शेवटी, कारण तो डावीकडं एकटा मोकळा आहे, त्याला कितीही बदललं तरी बाकीचं बिघडत नाही. उजवीकडं ऑक्सिजन ८ आणि ५, तेरा. डावीकडं तो जोडीनं येतो, म्हणून साडेसहा जोड्या. इथं पोरं पेन खाली ठेवतात. अरे, साडेसहा लिही की! मग सगळ्या ओळीला दोननं गुण: २ ब्युटेन, १३ ऑक्सिजन, ८ सीओटू, १० पाणी. झालं.

याच समीकरणावरून दर वर्षी मी वर्गात एक पैज लावतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. सगळा जळाला तर कार्बन डायऑक्साइड किती किलो निघेल? पोरं म्हणतात दहा, बारा, फार तर चौदा. उत्तर येतं ४३ किलो. ‘सर, चौदातून त्रेचाळीस कसे?’ मागच्या बाकावरचे ‘नाद खुळा’ म्हणून ओरडतात आणि पुढचे माझ्या गणितात चूक शोधायला लागतात. मग फळ्यावर ताळा मांडायचा. १४,२०० भागिले ५८ म्हणजे जवळपास २४५ मोल ब्युटेन. प्रत्येकाला साडेसहा मोल ऑक्सिजन, तो भरतो ५०.९ किलो, आणि तो सिलिंडरमधून येत नाही, स्वयंपाकघराच्या हवेतून येतो. आत गेले १४.२ आणि ५०.९, म्हणजे ६५.१. बाहेर आला सीओटू ४३.१ आणि पाण्याची वाफ २२.०, म्हणजे ६५.१. एका सिलिंडरमागं बावीस किलो पाणी वाफ होऊन जातं हे ऐकून पोरं सीओटूपेक्षा जास्त गप्प होतात. खिडकी उघडी ठेवा असं मग मला वेगळं सांगावं लागत नाही.

पाठ्यपुस्तकांत लोखंडाच्या ऑक्साइडवर कार्बन मोनॉक्साइडचं समीकरण असतंच, आणि आमच्याकडं शिरोलीचं कुणीतरी पोरगं म्हणतंच, ‘सर, हे आमच्या फाउंड्रीत होतं.’ होत नाही. ते झोतभट्टीत होतं, जिथं खनिजापासून लोखंड काढतात. फाउंड्रीत तयार झालेलं लोखंड आणि भंगार फक्त वितळवून साच्यात ओततात. पण गणित चांगलं आहे, १६० किलो ऑक्साइडमधून ११२ किलो लोखंड, तेवढं करून घ्या.

आता चुकीच्या उत्तरानं बोट दाखवण्याबद्दल म्हटलं होतं ते. चुकलेल्या उत्तराला बरोबर उत्तरानं भागल्यावर हजार आले, तर मिली आणि लिटरचा घोळ आहे, दुसरं काही शोधू नका. दोन किंवा अर्धा आला, तर समीकरणातला पुढचा आकडा विसरला, नाहीतर ऑक्सिजन वायू ३२ च्या ऐवजी १६ धरला (वायूत तो जोडीनं असतो). २२.४ आले तर मोलचे लिटर करायचे राहिले किंवा नको तिथं केले. उत्तर जेमतेम एखाद्या टक्क्यानं हुकलं असेल तर ती चूकच नाही. पुस्तकानं क्लोरीन ३५.५ घेतला आणि याने ३५.४५, किंवा याने मधेच दोन दशांशांवर आकडा तोडला. मधल्या पायऱ्यांवर आकडा तोडू नये, शेवटी तोडावा. अशा एका टक्क्यावरून पोरगं रात्री अकरापर्यंत रडत बसलेलं मी बघितलंय, आणि रागावलेले बाप पण.

२२.४ वरून आठवलं. काही पुस्तकांत एक मोल वायूचं आकारमान २२.४ लिटर असतं, काहींत २२.७. पोरं विचारतात खरं कोणतं. दोन्ही खरे. शून्य अंश सेल्सिअसला दाब एक अॅटमॉस्फिअर धरला तर २२.४, एक बार धरला तर २२.७. १९८२ पासून रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं बार धरायला सांगितलंय, पण जुनी सवय पुस्तकांतून जात नाही. परीक्षेत ज्या बोर्डाचं पुस्तक त्याचाच आकडा, आणि उत्तरात तो कोणता घेतला ते लिहायचं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, आणि इथं शून्य अंश तर कुणी बघितलेलं नाही, त्यामुळं आपल्याकडच्या हवेत हे दोन्ही आकडे भरणार नाहीत.

भागाकार १.४ आला तर? हे माझ्याकडून शिका, कारण ही चूक मी स्वतः केली आहे आणि तीही मास्तर म्हणून. नोकरीचं पहिलं वर्ष. दुसऱ्या दिवशी बारावीचं प्रात्यक्षिक, ऑक्झॅलिक आम्लाचं ०.१ मोलार (लिटरमागं ०.१ मोल) द्रावण २५० मिली करून ठेवायचं होतं. रेणुवस्तुमान (एका मोलचे ग्रॅम) मला तोंडपाठ, ९०. गुणिले ०.१, गुणिले ०.२५. २.२५ ग्रॅम तोलले, चंबूत घातले, खुणेपर्यंत पाणी भरलं, घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पोरांचं ब्युरेटचं (खुणा आणि नळ असलेल्या काचनळीचं) रीडिंग १० मिली यायचं ते १४. एकाचं नाही, सगळ्या बॅचचं. मी पोरांना झापलं, नळ नीट फिरवा म्हटलं, ब्युरेट धुवायला लावले. परत १४. शेवटी प्रयोगशाळेतले मामा बाटली घेऊन आले आणि हळूच म्हणाले, ‘सर, यावर १२६ लिहिलंय.’ बाटलीत स्फटिक होते, प्रत्येक कणाबरोबर पाण्याचे दोन रेणू बांधलेले, म्हणून ९० अधिक ३६. मला ३.१५ ग्रॅम घ्यायला हवे होते. १२६ भागिले ९० बरोबर १.४, आणि १० च्या जागी १४. रीडिंग सकाळपासून ओरडून सांगत होतं, मी ऐकलं नाही. मामांनी चहा पाजला आणि कुणाला काही बोलले नाहीत. तेव्हापासून पोरांना सांगतो, रेणुवस्तुमान आपल्या डोक्यातलं घेऊ नका, बाटलीवरचं घ्या. गृहपाठात बाटली म्हणजे प्रश्नातलं वाक्य. ‘स्फटिक’ किंवा ‘हायड्रेट’ असा शब्द दिसला की थांबायचं. मोरचुदातही हेच आहे, पाच पाणी धरून २४९.५, न धरता १५९.५.

शुद्धतेच्या टक्क्यांची गणितं सोपी आहेत, फक्त भाषा अवघड केलेली असते. हुपरीच्या कारागिराला ‘सत्तर टंचाची शंभर ग्रॅम चांदी’ म्हटलं की तो क्षणात सत्तर ग्रॅमवर येतो, बाकीची भेसळ बाजूला. ‘८० टक्के शुद्ध चुनखडी २५ ग्रॅम’ म्हणजे तेच. २० ग्रॅम धरा आणि पुढं चला. टंच आधी काढायचा, मोल नंतर.

द्रावणाच्या गणितांत एकच गोष्ट बघायची. पाणी वाढवलं तरी आतला माल तेवढाच राहतो. जेवायला दोन पाव्हणे जास्त आले म्हणून रश्शात पाणी घातलं तर मीठ वाढत नाही, चव पातळ होते. पातळ करण्याचं सूत्र पोरं पाठ करतात, ते एवढंच म्हणतं. आणि २५० मिली द्रावण म्हणजे २५० मिली पाणी ओतणं नव्हे. पदार्थ आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग खुणेपर्यंत भरायचं. ०.१ मोलारचं २५० मिली कॉस्टिक सोड्याचं द्रावण करायला बरोबर एक ग्रॅम लागतो: ४० गुणिले ०.१ गुणिले ०.२५. पोरानं ०.२५ लिटरच्या जागी २५० घातलं तर उत्तर हजार ग्रॅम येईल. एक किलो कॉस्टिक पाव लिटर पाण्यात! असं उत्तर आल्यावर पोरानं स्वतःच दचकायला पाहिजे. दचकत नाही, खाली दोन रेघा मारून चौकट करतं. त्याला दचकायला शिकवणं हे निम्मं काम आहे.

घरी बसवायचं म्हणाल तर रोज तीन गणितं पुरेत. तीसची गरज नाही. पण कॅल्क्युलेटर टेबलावर येण्याआधी त्यानं कागदावर दोन ओळी लिहायच्या, काय दिलंय आणि काय मागितलंय, एककासकट. नुसतं ‘१०’ दिसलं की विचारा, दहा काय? ग्रॅम, मोल, मिली? तुम्ही तुमच्या दुकानात नुसतं ‘वीस’ लिहिलेलं चालवून घ्याल का, रवे की क्विंटल ते न लिहिता? मग मोल काढायचे, समीकरणातला दर लावायचा, शेवटी मागितलं असेल त्या एककात परत आणायचं. गणित संपलं की वही तुमच्याकडं, आणि तुम्ही फक्त ताळा करायचा. चूक सापडली तर कुठं आहे ते सांगू नका, फरक किती आहे तेवढा सांगा. शोधू दे त्यालाच.

गाइड आणि फोन यांचं काय? फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर येतं हे मला माहीत आहे, माझे विद्यार्थीच मला दाखवतात. उत्तर बघायला माझी ना नाही, पण स्वतःचा ताळा झाल्यावर. एका गाइडमध्ये एका गणिताचं उत्तर लागोपाठ दोन वर्षं चुकीचं छापलेलं होतं. पहिल्या वर्षी माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी त्या उत्तराला जुळेल अशी रीत बनवून आणली होती, मधे २ हा आकडा कुठून तरी आणून गुणला होता. फक्त एका मुलीनं खाली लिहिलं होतं, ‘माझं उत्तर वेगळं येतं, पण वजन जुळतं.’ तिला मी दहापैकी दहा दिले.

आज रात्री त्याला हे एक गणित घाला, पुस्तकातलं नाही. ५.६ किलो कळीचा चुना आणि एक लिटर पाणी. विरलेला चुना किती मिळेल आणि न विरता काय, किती उरेल? कळीच्या चुन्याचा मोल ५६ ग्रॅम, पाण्याचा १८, विरलेल्या चुन्याचा ७४, प्रमाण एकास एक. हे करून बघायचं नाही हं, चुना भयंकर तापतो आणि डोळ्यात उडतो. प्रत्यक्षात त्यातलं बरंच पाणी वाफ होऊन जातं, कागदावर ती वाफ धरू नका. उत्तर मी देत नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, त्यानं काहीही लिहून आणलं तरी सगळ्याची बेरीज ६.६ किलो भरली पाहिजे, आणि ‘चुना काहीच उरत नाही’ असं म्हणाला तर त्याला पाण्याचे रवे परत मोजायला लावा.